कमिटीत नाव आलंय? आधी शिकून घ्या: पुनर्वसन इमारतीतल्या नव्या मंडळींसाठी

आमची इमारत सात मजली. ९६ खोल्या, एक लिफ्ट, एक पंप. चावी मिळाली त्या दिवशी पेढे वाटले. दहा महिन्यांनी लाइटबिल थकलं म्हणून पंपाचं कनेक्शन कापलं गेलं आणि सातव्या मजल्यापर्यंत हंडे चढवावे लागले. वस्तीत असताना नळ दूर होता, पण निदान जिना नव्हता!

मी सोसायटीच्या कमिटीत आले ती महिलांची राखीव जागा भरायला. ‘ताई, तुम्हाला काही करायचं नाही, सहीला बोलावू तेव्हा या,’ असं मला सांगण्यात आलं होतं. पुढे एका सामाजिक संस्थेनं आमच्या आणि शेजारच्या तीन इमारतींचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा कळलं की मी वर्षभर कशाकशावर सह्या केल्या होत्या. नंतर पाच वर्षं मी खजिनदार होते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, म्हणजे आपल्या भाषेत एसआरएत, नुकतेच राहायला गेला असाल आणि कमिटीत तुमचं नाव घातलं असेल, तर हे तुमच्यासाठी.

१. शिकायला कोण जाणार ते आधी ठरवा

बहुतेक इमारती इथेच चुकतात. प्रशिक्षणाचं पत्र आलं की सेक्रेटरी एकटा जातो, चहा-बिस्किटं खातो, पुस्तिका घेऊन येतो आणि कपाटात ठेवतो. पुढे सेक्रेटरी गावी गेला की ज्ञानही गावी!

निदान पाच जण पाठवा, त्यात तीन बायका हव्यात. हे मी बायकांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. पाणी किती वाजता गेलं, कुणाच्या खिडकीतून डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) कचरा पडतो, सफाईवाला किती दिवस आला नाही, हे दिवसभर इमारतीत असणाऱ्यालाच माहीत असतं. शिवाय कायद्याचा आधारही आहे. पुनर्वसनात मिळालेली खोली नवरा-बायको दोघांच्या नावावर असते आणि शेअर सर्टिफिकेटवरही, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावरही, दोघांची नावं यायला हवीत. तुमच्या सर्टिफिकेटवर एकच नाव असेल तर आजच विचारा.

१०० सदस्यांपर्यंतच्या सोसायटीची कमिटी ११ जणांची असते आणि त्यात दोन जागा महिलांच्या. त्या दोघी तर जाव्यातच. बाकी तिघं कमिटीबाहेरचे असले तरी चालतील. एखादी बारावी झालेली मुलगी, एखादा रिक्षावाला ज्याला हिशेब तोंडपाठ असतो, असे.

प्रशिक्षण ही कुणाची मेहरबानी नाही. सहकार कायद्याच्या कलम २४-अ मध्ये सदस्य आणि कमिटी, दोघांच्याही शिक्षणाची तरतूद आहे. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, त्यासाठी दर सदस्यामागे महिना १० रुपये शिक्षण निधी धरलेला आहे. मेंटेनन्सच्या पावतीवर ही ओळ आहे का बघा. असेल तर तो पैसा कुठं जातो ते विचारा.

२. शिकवणारी संस्था पारखून घ्या

शिकायचे दोन रस्ते आहेत. एक सरकारी-सहकारी: पुण्याचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ, मुंबईत जिल्हा गृहनिर्माण संस्थांचा महासंघ. इथं कायदा नीट शिकवतात, पण समोर बसलेला माणूस कालपर्यंत झोपडीत राहत होता, हे नेहमीच लक्षात राहतं असं नाही.

दुसरा रस्ता वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचा. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. १९८४ साली स्पार्क ही संस्था सुरू झाली ती भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर. त्यांतूनच १९८६ च्या सुमारास महिला मिलन ही बायकांची संघटना उभी राहिली आणि जॉकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही झोपडपट्टीवासीयांची संघटना या दोन्ही संस्थांबरोबर आली. या बायकांनी आधी रोजची बचत गोळा करायला शिकून घेतलं, मग स्वतःची शिरगणती, मग खऱ्या मापाचं नमुना घर उभं करून लोकांना त्यात फिरवणं. छत चौदा फूट उंच ठेवा म्हणजे पोटमाळा निघेल, ही कल्पनाही त्यांचीच. पुढे भायखळ्याच्या फुटपाथवरची कुटुंबं मानखुर्दला मिलन नगरमध्ये राहायला गेली. ‘युवा’ ही संस्थाही १९८४ चीच, तीही पुनर्वसन वसाहतींत काम करते. तुमच्या भागात कोण काम करतं ते अंगणवाडीच्या सेविकेला विचारा, तिला सगळं माहीत असतं.

संस्थेला हे प्रश्न विचारायला लाजू नका:

- ट्रस्ट म्हणून नोंदणी क्रमांक काय? धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का?
- प्रशिक्षणाचे पैसे आमच्याकडून घेणार का? घेणार असाल तर पावती कुणाच्या नावानं?
- याआधी कुठल्या इमारतींत शिकवलं? तिथल्या दोन बायकांशी आमची भेट घालून द्याल का?
- आमची कागदपत्रं तुम्हाला कशाला हवीत?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडे आधी एक ‘संस्था’ येऊन गेली होती. शिबिराच्या नावाखाली हजेरीच्या कोऱ्या कागदांवर ८० जणांच्या सह्या घेतल्या, आणि सहा महिन्यांनी त्याच सह्या कुठल्याशा संमतीपत्राला जोडलेल्या निघाल्या. म्हणून हजेरीच्या कागदावर वर तारीख, ठिकाण आणि विषय लिहिलेला असेल तरच सही करायची, आणि खाली उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारायची. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. झेरॉक्स देतानाही तिच्यावर ‘फक्त प्रशिक्षणासाठी’ असं लिहून तारीख टाका.

३. कागदांची पिशवी भरा

पहिल्या वर्गाला रिकाम्या हातानं गेलात तर दुसऱ्याच्या इमारतीची गोष्ट ऐकून परत याल. स्वतःचे कागद समोर असले की शिकणं वेगळंच होतं. ही यादी घ्या आणि जे नाही त्यावर फुली मारा:

- सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर उपविधी
- परिशिष्ट-२, म्हणजे पात्र लोकांची यादी
- भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात
- मंजूर नकाशे, पाण्याच्या आणि गटाराच्या लाइनींसकट
- लिफ्टचा परवाना आणि देखभालीचा करार
- अग्निशमनाची ना-हरकत आणि दर सहा महिन्यांचं, जानेवारी-जुलैचं, फॉर्म-ब प्रमाणपत्र
- बँकेचं पासबुक, मुदत ठेवीच्या पावत्या
- सभासद नोंदवही, इतिवृत्ताची वही, शेअर सर्टिफिकेटांची नोंद
- शेवटची पाणीबिलं आणि लाइटबिलं
- जमिनीच्या भाडेपट्ट्याची प्रत

शेवटचा कागद पाहून पुष्कळांना धक्का बसतो. खोली तुमची, पण सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवरची योजना असेल तर खालची जमीन सोसायटीला ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळते आणि तो पुढे वाढवता येतो. नियमात भाडं किती आहे? ४,००० चौरस मीटरला वर्षाला १,००१ रुपये. आमच्या वर्गात हे ऐकून एक आजी म्हणाल्या, ‘एवढ्यात तर मी पंचवीस वर्षं दादाला हप्ता दिला!’

यादीतले निम्मे कागद तुमच्याकडे नसतील. आमच्याकडे चारच होते. विकासकाकडे लेखी मागा आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे चुकीचं दार. आपल्या सोसायट्यांची नोंदणी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या सहकार विभागात होते, वांद्रे पूर्वेला, अनंत काणेकर मार्गावर. तिथं त्यांचे स्वतःचे निबंधक बसतात. आम्ही मात्र वॉर्डाच्या उपनिबंधकाकडे तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला शिपायानं दया येऊन सांगितलं की तुमचं इथं नाही.

४. वर्ग आपल्या वेळेला, आपल्या जागेत

संस्था म्हणेल, शनिवारी अकरा ते पाच, आमच्या हॉलमध्ये. नाही म्हणा. अकरा वाजता धुणीभांडी करणाऱ्या बायका चार घरांत फिरत असतात आणि पाचला पाणी येतं. आमचे वर्ग रात्री साडेआठ ते दहा, आठवड्यातून दोनदा, इमारतीतल्या बालवाडीच्या खोलीत झाले.

ती खोली आहे का तुमच्याकडे? योजनेच्या नियमात बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचं ऑफिस अशा जागा धरलेल्या असतात. नकाशात बघा. पुष्कळ ठिकाणी ही खोली कुणाचं तरी गोडाऊन होऊन बसलेली असते. आमच्या खोलीत टाइल्सची खोकी होती. प्रशिक्षणाचा पहिला धडा म्हणून आम्ही ती खाली करून घेतली, आणि खरं सांगायचं तर त्या एका कामानं लोकांचा जेवढा विश्वास बसला तेवढा दहा भाषणांनी बसला नसता.

लहान मुलं येणारच. एका मुलीला मागच्या कोपऱ्यात चित्रं काढायला कागद देऊन बसवा, बाकीची तिच्याभोवती जमतात.

५. पहिला विषय हिशेबाचा मागा

संस्था सहसा ‘नेतृत्वविकास’ वगैरेपासून सुरू करते. आम्ही म्हटलं, ते नंतर. आधी मेंटेनन्स किती घ्यायचा ते शिकवा. याच्याइतका उपयोगी दुसरा वर्ग झाला नाही, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्याकडे महिना ५०० रुपये घ्यायचं ठरलं होतं. का ५००? कारण शेजारच्या इमारतीत ५०० होते. शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर खर्च लिहायला सांगितला. तुम्हीही लिहा. समजा, ९६ खोल्यांचा महिन्याचा खर्च असा आहे: लाइटबिल २८,०००, पाणीबिल १९,०००, वॉचमन १४,०००, सफाई १२,०००, लिफ्टचा करार ६,०००, हिशेबनीस आणि ऑडिट ३,०००. बेरीज ८२,०००. भागिले ९६, म्हणजे खोलीमागे साधारण ८५४ रुपये.

आता जमेची बाजू. विकासकानं दर खोलीमागे देखभालीसाठी ठेव भरायची असते. ती पूर्वी २० हजार होती, पुढे ४० हजार झाली. समजा ४० हजारांप्रमाणे ३८ लाख ४० हजार जमा आहेत आणि ७ टक्के व्याज मिळतंय, तर महिन्याला २२,४०० रुपये आले. ते वजा केले की खोलीमागे ६२१ उरतात.

इथं आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, थांबा. इमारत म्हातारी होणार आहे की नाही? उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दर वर्षी दुरुस्ती निधीत आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामासाठी साठवायच्या पुंजीत, टाकायचे असतात. एका खोलीचा बांधकाम खर्च ६ लाख धरा. वर्षाला ४,५०० आणि १,५००, म्हणजे महिन्याला ५०० रुपये. शिक्षण निधीचे १०. एकूण १,१३१.

खोलीत कुणी बोलेना. आम्ही ५०० घेत होतो आणि त्यातलेही तीस जण देत नव्हते. पंप का बंद पडला, याचं उत्तर फळ्यावर होतं. तोवर आम्ही सगळे सेक्रेटरीनं पैसे खाल्ले असंच समजून चाललो होतो. (थोडे खाल्लेही होते, तो भाग वेगळा.)

लगेच १,१३१ करू नका, कुणी देणार नाही. आम्ही तीन टप्प्यांत वाढवलं आणि दर वाढीआधी फळ्यावरचं गणित जिन्याजवळ मोठ्या कागदावर लावलं. आधी गणित, मग वाढ, हा क्रम सोडू नका.

या वर्गात आणखी तीन गोष्टी पक्क्या करून घ्या.

लिफ्टचा खर्च सगळ्यांत सारखा वाटला जातो, तळमजल्यावाल्यांतही. यावरून आमच्याकडे मारामारी व्हायची वेळ आली होती. उपविधीचं पान झेरॉक्स करून ठेवा, तोंडी वाद घालू नका. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर असते, माणसांच्या नाही.

मालमत्ता कर: मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो २०२२ पासून माफ आहे. आपल्या खोल्या २२५, २६९, फार तर ३०० चौरस फुटांच्या. ‘टॅक्स भरायचाय’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर बिल दाखवा म्हणा. खाली दुकानं असतील तर त्यांची गोष्ट वेगळी.

थकबाकी: व्याज जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळव्याज. थकवणाऱ्याचं पाणी तोडायचा मोह होतो. तोडू नका. आधी लेखी नोटीस, मग हप्ते बांधून द्यायचे, आणि तरीही ऐकलं नाही तर निबंधकाकडे कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा अर्ज. आमच्या तिसांपैकी बावीस जणांनी हप्त्यांतच फेडले. त्यांना एकदम भरणं जमत नव्हतं, एवढंच होतं.

६. सभा घ्यायला शिका

आधी एक सराव सभा घ्या. खुर्च्या मांडा, एक जण अध्यक्ष, एक जण भांडणारा सदस्य. आमच्याकडे भांडणाऱ्याची भूमिका करायला सगळेच पुढे आले.

लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी, विषयपत्रिकेसह. गणसंख्या, म्हणजे सभेला किमान किती सदस्य हजर हवेत ती, एकूण सदस्यांच्या दोनतृतीयांश किंवा २०, यांतली लहान. तेवढे जमले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग हजर असतील त्यांच्यात घ्यायची. नोटिशीतच हे लिहून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी सभाच खोटी होती म्हणून उभा राहतो. हिशेबाचं ऑडिट ३१ जुलैपर्यंत झालेलं असलं पाहिजे, म्हणजे सभेत ठेवायला काही असतं.

इतिवृत्त त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत प्रत्येकाची आठवण बदललेली असते. आणि मराठीतच लिहा, सगळ्यांना कळेल अशा मराठीत. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन’ असलं काही नको. कोण काय म्हणालं आणि काय ठरलं, बस.

जे कमिटीत नाहीत त्यांनाही कागद बघायचा हक्क आहे. माझ्या मते वही मागणारा माणूस कमिटीचा दुश्मन नसतो, पण नव्या कमिटीला पहिलं वर्षभर तसंच वाटतं. मलाही वाटलं होतं.

७. दुसऱ्यांच्या इमारतीत जाऊन बघा

संस्थेकडे हा एक दिवस हट्टानं मागा. महिला मिलनच्या बायका वर्षानुवर्षं असंच शिकल्या आहेत, एका वस्तीतल्या दुसऱ्या वस्तीत जाऊन. आम्ही दहा वर्षं जुन्या एका पुनर्वसन इमारतीत गेलो. तिथल्या काकूंनी आम्हाला हॉलमध्ये बसवलंच नाही. आधी गच्चीवर नेलं, टाकीचं झाकण उघडून दाखवलं, मग डक्टच्या तळाशी. त्यांनी डक्टच्या खिडक्यांना जाळी बसवली होती आणि प्रत्येक मजल्याची एक ‘मजला-ताई’ नेमली होती. मेंटेनन्स तीच गोळा करायची, पावती जागेवर द्यायची. आम्ही दुसऱ्या महिन्यापासून तेच सुरू केलं. ६६ वरून ८८ खोल्यांपर्यंत वसुली गेली ती मजला-ताईंमुळे. नोटिशींचा त्यात काही वाटा नव्हता.

जाताना प्रत्येकीला एक प्रश्न वाटून द्या: एकीनं लिफ्टचं विचारायचं, एकीनं पाण्याचं, एकीनं भाडेकरूंचं. नाहीतर सगळ्या जणी स्वयंपाकघराचा ओटा बघून परत येतात.

८. संस्था गेल्यावर

ती जाणारच. त्यांचा प्रकल्प संपतो, माणसं बदलतात. म्हणून शेवटच्या वर्गात एकच काम करा: दप्तराची यादी. कुठली वही, कुठली फाइल, कुठली ठेव कधी मुदतीला येते, लिफ्टचा करार कधी संपतो, सगळं एका मोठ्या वहीत. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० नंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावं लागतं, ती वर्षंही आत्ताच लिहून ठेवा. कमिटी बदलली की जुन्यांनी आणि नव्यांनी या यादीवर एकेक ओळ वाचत सह्या करायच्या.

आमच्याकडे मागच्या वेळी हा कार्यक्रम रात्री एक वाजेपर्यंत चालला, कारण एक ठेव पावती सापडेना. ती निघाली ऑफिसातल्या देवाच्या फोटोमागे. आता कपाटाला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली नव्या खजिनदाराकडे, दुसऱ्याची तळमजल्यावरच्या त्याच आजींकडे, ज्यांनी दादाच्या हप्त्याचा हिशेब सांगितला होता. त्या कमिटीत नाहीत, पण दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय कपाट उघडत नाही.